दहा दिवस

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. महाविद्यालयाच्या फलकावर वक्तृत्व स्पर्धेची सूचना लागली. विषय होता, 'मुक्या प्राण्याचा जीव मोठा की माणसाचा?' विषय कोठून सुचला हे कोणाला सांगायला नको होते. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सारी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. मग २२ तारखेला तो बदलला. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलली तिथेच सोडा. पिसाळलेली आणि अंगावर येणारी मात्र सोडू नका, असे सांगितले. आमच्या महाविद्यालयासमोरच्या टपरीवर त्या दहा-अकरा दिवसांत दोन पक्ष पडले होते आणि दोन्ही पक्ष उधारीवरच चहा पीत होते!

मीही नाव दिले होते. आयत्या वेळी मागे घेतले. सरांनी कारण विचारले, तेव्हा 'घसा बसलाय सर' म्हणालो. घसा ठणठणीत होता. खरे कारण या पानांवर प्रथमच लिहीत आहे.

स्पर्धा मात्र रंगली. एकाने स्वर्गाच्या दारात कुत्र्यासाठी अडून बसलेला धर्मराज आणला. दुसऱ्याने नामदेवमहाराज आणले. हे तर आमचेच! नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असली तरी १९९९ पर्यंत ती परभणीचीच होती. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन 'देवा, कोरडी खाऊ नका' म्हणत त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. (ती पोळी आमच्या गंगाखेडच्या जनाबाईने भाजलेली असेल का, असा एक भलताच विचार त्या वेळी माझ्या मनात आला.) कोणी रामेश्वराला न्यायची काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी करणारे एकनाथ सांगितले. रायगडावरच्या वाघ्यावरून तर दोघांत जुंपली. एकाने त्याची स्वामिनिष्ठा गहिवरून सांगितली, तर दुसऱ्याने समकालीन कागदांत त्याचा उल्लेख दाखवा म्हणून आव्हान दिले. परीक्षकांनी घंटा वाजवून दोघांनाही खाली बसवले.

इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकिगत मला नवी होती. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची सरकारी मोहीम चालू होती. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेला तर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जूनला पारशी मंडळींनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना रस्त्यात गाठून चोप दिला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचा बाजार बंद पडला. इंग्रज सरकारशी कुत्र्यांसाठी भांडलेले ते लोक!

विरुद्ध बाजूने बोलणाऱ्याने एकच आकडा सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश भारतातली. त्यांत लेकरे फार. हे बोलून तो थोडा थांबला. सभागृह शांत झाले. पहिले बक्षीस त्याला मिळाले, ते योग्यच झाले.

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. धर्मराज, नामदेव, एकनाथ सारे मनात येऊन जात होते. पण एक गोष्ट राहून राहून खटकत होती. नामदेवांच्या कुत्र्याने पोळीच नेली. त्याने जनाबाईचा हात फोडला असता तर? नाथांनी पाणी दिले. त्या गाढवाने नाथांच्या लेकराला लाथ मारली नव्हती. आपल्या साऱ्या कथांतले जनावर निरपराध आहे. आमच्या भुऱ्याचे तसे नव्हते.

आमचे गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून कोस-दीड कोसावर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. भुऱ्या आमच्या दारचा. पिवळट भुरकट अंग, एक कान मोडलेला, जातीचे काही नाव नाही. मी पाचवीत असताना गंगेच्या वाळूतून पिलू उचलून आणले होते. रात्री शेतात बाबांबरोबर जागलीला जायचा आणि सकाळी माझ्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत यायचा.

२०१९ चा मे महिना होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, विहिरींचे तळ दिसू लागलेले. ऊन असे की दुपारी लिंबाच्या सावलीतली मातीसुद्धा तापायची. अशा एका दुपारी आमच्या वाड्यात किंकाळी ऐकू आली. शेजारच्या तात्यांची बारकी, सहा वर्षांची पोर, आमच्याकडे ताक न्यायला आली होती. बाजेखाली भुऱ्या झोपलेला. तिचा पाय त्याच्यावर पडला की आणखी काही झाले, कोणी पाहिले नाही. आम्ही धावलो तेव्हा ताकाचा गंज उपडा पडलेला, पोरीच्या पोटरीतून रक्त वाहत होते आणि भुऱ्या कोपऱ्यात कान पाडून उभा होता.

शेजारणींनी जखमेत लगेच मिरचीपूड भरली. आपल्याकडची ती जुनी रीत. तात्या आले ते हातात कुऱ्हाडीचा दांडा घेऊनच. भुऱ्याला मी दोन्ही हातांनी धरले होते. तात्या मला म्हणाले, "सोड त्याला. तुला लागल." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी जास्त भ्यालो.

आजी मध्ये आली. "आधी पोरीला दवाखान्यात न्या. जनावर काय, ते कुठं पळून चाललंय?"

बाबांच्या मोटारसायकलवर तात्या पोरीला घेऊन बसले, मी दुसऱ्या एकाच्या मागे. दवाखान्यात डॉक्टरांनी मिरचीपूड पाहून कपाळाला हात लावला. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे घड्याळ बघून जखम धुतली. पोर रडून रडून निळी पडली. ते म्हणाले, "हे धुणं अर्धं औषध आहे. घरीच करायला पाहिजे होतं." मग विचारले, "कुत्रं कोणाचं?"

"आमचंच," बाबा म्हणाले.

"लस टोचलेली आहे का?"

"टोचलीय की. संक्रांतीच्या आसपास. पोरानंच तालुक्याला नेऊन आणलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

वाचकहो, इथेच माझा घसा बसला होता. जानेवारीत बाबांनी लसीसाठी म्हणून मला शंभराची नोट दिली होती. भुऱ्याला घेऊन मी घरातून निघालो, वाटेत पोरे क्रिकेट खेळत होती. त्या पैशांत कातडी चेंडू आला, उरलेल्यांची भजी झाली. भुऱ्याला गंगेच्या वाळूत दिवसभर हिंडवून संध्याकाळी घरी आणले आणि 'टोचून आणलं' म्हणून सांगितले. त्या रात्री बाबांनी त्याला शाबासकी म्हणून अर्धी भाकरी जास्त टाकली होती.

डॉक्टर म्हणाले, "जखम खोल आहे. खरं म्हणजे सीरमही द्यायला पाहिजे, ते इथं नाही, परभणीला मिळेल. सुया आजच सुरू करतो. कुत्रं घरचं आहे, लस टोचलेलं आहे, म्हणून जरा निवांत आहे मी. पण त्याला मारू नका. बांधून ठेवा दहा दिवस. त्याच्यात थोडाही फरक दिसला तर थेट परभणी गाठा."

"मारू नका?" तात्यांना कळेना.

"मारलं तर कळणार कसं?" डॉक्टर म्हणाले. "पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विष येतं ते अगदी शेवटच्या दिवसांत. आज त्याच्या लाळेत ते असेल, तर दहा दिवसांत कुत्रं मरणारच. दहा दिवसांनी ते धडधाकट दिसलं, तर चावलं त्या दिवशी त्याच्यात काही नव्हतं. कुत्रं जगलं की पोरीचं भय गेलं."

ज्या दिवशी पहिली सुई टोचतात त्याला दवाखान्याच्या भाषेत शून्य दिवस म्हणतात. पुढच्या सुया तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. आजीला मात्र पोटातल्या चौदा सुयांची आठवण होती. त्या कशा तयार व्हायच्या हे मला पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कळले. कसौलीला डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ मध्ये ती लस काढली. मेंढ्यांच्या मेंदूत रोग वाढवायचा आणि तो मेंदू काढून त्याची लस करायची. २००५ च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. त्याआधी ६ जुलै १८८५ रोजी पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला वाचवले, ते सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूंवर. कुत्र्याने चावलेल्या माणसासाठी किती ससे आणि किती मेंढ्या गेल्या असतील, त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. आमच्या स्पर्धेतही कोणी मांडला नाही. मी तरी कोणत्या तोंडाने मांडणार? त्या मेंढ्या गेल्या म्हणूनच आजीचा धाकटा भाऊ जगला होता.

भुऱ्याला गोठ्यात साखळीने बांधले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तात्या दिवसातून चारदा येत, लांब उभे राहून त्याच्याकडे बघत आणि एक शब्द न बोलता परत जात. दांडा हातात नसे. तिसऱ्या दिवशी बारकीला दुसरी सुई झाली. त्याच संध्याकाळी भुऱ्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवले. पाण्याचे भांडे पुढे सरकवले, त्यालाही तोंड लावले नाही.

पाण्याला भिते ते पिसाळलेले, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाण्याची ती भीती माणसात दिसते, कुत्र्यात सहसा दिसत नाही, हे मी पुढे वाचले. पण त्या रात्री मला ते कोण सांगणार? मी गोठ्याच्या दारात बसून होतो. कंदिलाच्या उजेडात त्याचे डोळे हिरवे दिसत होते.

आजी बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. तिला काय कळले होते कोण जाणे. ती बहात्तरच्या दुष्काळाचे सांगू लागली. तेव्हा ती नवी सून होती. विहिरी आटल्या, कडबा संपला. माणसे खडी फोडायच्या कामावर, पोटात सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो. सासऱ्यांनी एका पहाटे दावणीची चार जनावरे सोडली. आजीने त्यांच्या कपाळांना कुंकू लावले आणि शिवेबाहेर हाकलून दिली.

"मामंजी म्हनले, मागं वळून बगू नगंस," आजी म्हणाली. "मी बगितलं न्हाई. लेकरं होती घरात. लेकरासाठी सोडली. पुन्यांदा तसा काळ आला तर पुन्यांदा सोडीन. पर मामंजीनं कुनाला खोटं न्हाई सांगितलं. इचारलं कुनी तर म्हनायचे, म्या सोडली."

ती उठून गेली. मी तिथेच बसून राहिलो, आणि त्या अंधारात मला माझाच हिशेब दिसू लागला.

दवाखान्यात मान हलवताना मी स्वतःला काय सांगितले होते? 'लस नाही' म्हणालो तर तात्या भुऱ्याला आजच मारतील. भुऱ्या मुका आहे, त्याची बाजू घेणारे कोणी नाही. केवढा थोर विचार! एका पारड्यात बारकी, दुसऱ्यात भुऱ्या, आणि मी जणू न्यायाधीश. पण डॉक्टरांनी तर 'मारू नका' असे स्पष्ट सांगितले होते. त्यानंतर खरे बोलायला काय हरकत होती? भुऱ्याच्या जिवाला त्यात काही धोका नव्हता. पारड्यात भुऱ्या नव्हताच. शंभराच्या नोटेसह मी बसलो होतो. माझी लाज आणि सहा वर्षांच्या पोरीचा जीव, यांत मी तीन दिवस माझी लाज जड ठरवत आलो होतो, आणि नाव घेत होतो मुक्या प्राण्याचे.

रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते.

मी बाबांना उठवले आणि सांगितले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. ते मारतील असे वाटले. त्यांनी मारले नाही. चपला घातल्या, माझे मनगट धरले आणि तात्यांच्या दारात नेऊन उभे केले. म्हणाले, "तूच सांग." मी सांगितले. तात्यांची बायको खाली बसली. तात्या एवढेच म्हणाले, "मपलं लेकरू होतं रे."

पहाटे पहिल्या गाडीने परभणी गाठली. पहिल्या सुईपासून सात दिवसांच्या आत सीरम देता येते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तात्यांनी भिंतीला हात टेकला. आम्ही चौथ्या दिवशी पोचलो होतो. सीरम घोड्याच्या रक्तापासून काढलेले होते. नर्सबाईंनी आधी हातावर थोडेसे टोचून बघितले, मग पोटरीच्या जखमेच्या आत आणि भोवती सुई फिरवत सारे भरले. पोरीचे पाय मला धरायला सांगितले. ती मला 'दादा, सोड, दादा, सोड' म्हणत होती. हा आवाज मी स्पर्धेत कोणत्या मुद्द्याखाली मांडणार होतो?

परत आलो तेव्हा भुऱ्या पडूनच होता. पाचव्या दिवशी सकाळी तात्या आले. हातात तांब्या. दुधाचा. त्या उन्हाळ्यात घरोघरी चहालाही दूध नव्हते, आमच्याकडे ताकही संपले होते. तात्यांनी ते डेअरीवरून विकत आणले होते. जर्मनच्या वाटीत ओतून त्यांनी वेळूच्या काठीने ती वाटी भुऱ्यापुढे ढकलली आणि चार हात लांब उकिडवे बसले.

"पी रे," ते म्हणाले. "पी बाबा."

भुऱ्याने बघितले नाही. तात्या अर्धा तास बसले. मग पोत्याची दोन किलताने ओली करून त्यांनी गोठ्याच्या खिडकीला बांधली, ऊन आत येऊ नये म्हणून. दुपारी परत आले. संध्याकाळी परत. कुत्र्याशी कधी एक शब्द न बोललेला तो माणूस. चार दिवसांपूर्वी त्याला ठार करायला आलेला.

सहाव्या दिवशी पहाटे ऊन चढण्याआधी भुऱ्या उठला, साखळी वाजली. त्याने वाटीतले पाणी लपलप करून पिऊन टाकले. मी ओरडत तात्यांकडे पळालो. ते उघड्या अंगाने धावत आले, दूध ओतले, आणि भुऱ्या ते पीत असताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. उन्हाने मलूल झाला होता एवढेच ते. पण कळायला तीन रात्री गेल्या.

त्यानंतर तात्यांचा नेम चुकला नाही. सातव्या दिवशी बारकीची तिसरी सुई झाली, तेव्हा आधी कुत्र्याला दूध आणि मग दवाखाना. वाटी काठीने ढकलण्याचे त्यांनी आठव्या दिवशी सोडले. नवव्या दिवशी तर मोडक्या कानामागे खाजवतानाही मी त्यांना पाहिले. मला बघून त्यांनी हात काढून घेतला.

तात्यांना भुऱ्याचे प्रेम आले होते का? माझ्या तर्कशास्त्राच्या सरांना मी हा प्रश्न एकदा आडून विचारला होता. ते म्हणाले, तो स्वार्थ. मुलीसाठी कुत्र्याची निगा राखणे म्हणजे कुत्रे हे साधन झाले. असेल. सरांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण मी सांगतो तेही खरे आहे. भुऱ्यावर जिवापाड प्रेम आहे असे म्हणणारा मी, त्याच्या लसीचे पैसे खाऊन बसलो होतो. आणि ज्याला त्याचा मुडदा पाहायचा होता, त्याने घरातले दूध त्याला पाजले. दोघांतल्या कोणी त्याचा जीव मोलाचा मानला, हे वाचकांनी ठरवावे. मला ठरवता आलेले नाही.

आणि माणसाचा जीव मोठा हे मी नाकारत नाही. भुऱ्या आणि बारकी दोघे गंगेच्या पुरात वाहत असते, तर मी बारकीकडेच झेपावलो असतो, आणि झेपावलो नसतो तर माझे तोंड बघू नका असेच मी सांगेन. पण तसा पूर आमच्या वाड्यात आलाच नव्हता. तिथे एक साखळी होती, एक वाटी होती आणि दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत कुत्रे जगले तरच पोरीचे भय जाणार होते.

दहावा दिवस उलटला. बाबांनी साखळी सोडली. भुऱ्याने अंग झटकले, वाड्यात दोन चकरा मारल्या, बाजेखाली जाऊन पडला. तात्यांनी नारळ फोडला. बारकी बापाच्या कडेवरून भुऱ्याकडे बघत होती, खाली उतरायला तयार नव्हती. त्याच आठवड्यात मी भुऱ्याला घेऊन चालत तालुक्याला गेलो आणि लस टोचून आणली. चेंडू विकून आलेले पैसे त्याला पुरले नाहीत, उरलेले आजीने दिले. चिठ्ठी आणून बाबांच्या हातात ठेवली. त्यांनी ती वाचली नाही, नुसती घडी करून खिशात ठेवली.

अकराव्या दिवशी सकाळी तात्या आले नाहीत. येण्याचे कारणही नव्हते. दूध त्यांना परवडणारे नव्हतेच, आणि पोरीच्या पोटरीवरची खूण बघितली की त्यांना त्याचा राग येत असणार. त्यात काही गैर नाही. फक्त भुऱ्या त्या वेळी उठला, दोन वाड्यांमधली भिंत जिथे ढासळली होती तिथे जाऊन बसला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत पलीकडे बघत राहिला.